पाण्याला हात

नेरूळ, १९ मे १९९६

ती. दादांना,
सप्रेम जयभीम.

पायलचा ताप उतरला. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पत्र फोडल्यावर तुम्ही पहिल्या ओळीत तेच शोधाल. काल सलाइन काढलं. शीतून रक्त जायचं थांबलं आहे. अजून काही दिवस दवाखान्यात ठेवून मग सोडू, असं डॉक्टर म्हणाले. आठ महिन्यांच्या पोरीचं घाईने काही करायचं नाही म्हणाले.

तुम्ही न सांगता गेलात. सुगत पोर्टवरच्या ड्यूटीवरून परस्पर दवाखान्यात आला होता. नंतर कपडे घ्यायला घरी गेला तेव्हा त्याला तुमची पिशवी दिसली नाही. किल्ली शेजारी विमलबाईंकडे होती. त्या म्हणाल्या, आजोबा सकाळीच निघाले, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुमचं एक धोतर गॅलरीत वाळत राहिलं होतं. घडी करून ठेवलं आहे. डोळ्यांत घालायचं औषध फळीवर तसंच आहे. ते तिथे मिळतं का?

सुगत विचारत होता, तुम्ही असे का गेलात. दवाखान्याचा वास सहन होत नसेल, असं मी म्हटलं. त्याला ते पटलेलं दिसलं.

ड्रम रिकामा केला, ब्लीचिंग पावडरने घासून उन्हात उपडा घातला. कासव सुगतने बेलापूरच्या पुढे एका तळ्यात सोडलं. तिथे कमळं आहेत. त्याची काळजी करू नका.

त्या दिवशी दवाखान्यात मी काही बोलले असेन. पोर तशी पडलेली असताना माणूस काहीही बोलतं. पायल घरी येईल तेव्हा तुम्ही इथे असायला हवं. या.

आपली सून,
नंदिनी


नेरूळ, ९ जून १९९६

ती. दादांना,
जयभीम.

तुमचं पत्र नाही. पायल घरी आली आहे. हातपाय काटकुळे झाले आहेत. भाताची पेज घेते. बसवलं तर बसते, मग कलंडते आणि आपलीच आपल्याला हसते.

आजाराचं नाव साल्मोनेला. विमलबाई म्हणाल्या, "नाव तर सिनेमातल्या नटीसारखं आहे." त्यांनी त्याच दिवशी आपला पोपट भावाकडे पाठवून दिला. आता पोपट नाही म्हणून करमत नाही, असंही मलाच येऊन सांगतात.

हे जंतू कासवाच्या पोटात असतात. कासवाला स्वतःला काही होत नाही. ते धडधाकट असतं, आणि ज्या पाण्यात राहतं त्यात ते जंतू उतरतात. कोंबडीच्या पोटात असतात, कच्च्या मटणात असतात, अंड्याच्या टरफलावर असतात. मोठ्या माणसाचं दोन दिवस पोट बिघडतं आणि तो विसरून जातो. तान्ह्या मुलाच्या मात्र ते रक्तात जातात. डॉक्टरांनी मला हे सावकाश समजावून सांगितलं. मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही ते पुरतं ऐकायला थांबला नाहीत.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात काही पाळलंय का. कुत्रं, मांजर, कोंबडी, पोपट? सुगत म्हणाला, काही नाही. मीही मान हलवली. आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. कासव आपण पाळलेलं नव्हतं. ते पाण्याचं होतं.

काशी मासेवाली परवा आली होती. तुम्ही तिला कासव आणायला सांगितलंत तेव्हा ती पाटी उतरवून हसत बसली होती. "आजोबा, खानार का पालनार?" तुम्ही म्हणालात, पाण्यात सोडणार. ती म्हणाली, "इकरं कनची हीर हाय?" तुम्ही विहीर म्हणून ड्रमाकडे बोट दाखवलंत. पुढच्या खेपेला तिने उलव्याच्या शेततळ्यातून ओल्या गोणपाटात गुंडाळून ते आणलं. आता तिला पायलचं सांगितलं तर ती उंबऱ्यावरच बसून राहिली. म्हणाली, आमच्याकडे पोरं त्याच्याशी खेळतात, कधी काही झालं नाही. मग मासे न विकताच गेली.

एप्रिलपासून नळाला पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, कधी यायचंही नाही. निळा ड्रम सुगतने तुर्भ्याहून आणला. साठवलेल्या पाण्याला वास येतो, अशी कुरकुर मीच करत होते. तुम्ही ऐकलंत. कासव सोडल्यावर वास गेला. निदान मला तसं वाटलं. आठवड्याने मी तुम्हाला म्हटलं, दादा, पाणी खरंच चांगलं राहतंय. तुम्ही त्या दिवशी दोन वेळा चहा मागितलात.

सुगत म्हणतो, पेरण्या झाल्या की दादा येतील. येणार ना?

नंदिनी


नेरूळ, ७ जुलै १९९६

दादा,

पेरण्या झाल्या असतील. पत्र नाही.

आपल्या गावची, हिवऱ्याची विहीर मी पाहिली आहे, लग्नानंतर पाया पडायला आले तेव्हा. कठड्याजवळ उभं राहून तुम्ही मला कासव दाखवलं होतंत. मी म्हटलं होतं, छान आहे. शहरातल्या मुलीला दाखवायचं म्हणून दाखवता आहात, असं मला वाटलं होतं.

त्या विहिरीची गोष्ट मी मार्चमध्ये ऐकली. मला नव्हे, पायलला सांगत होतात. तिला पायांवर घेऊन तुम्ही गॅलरीत बसला होतात आणि मी आत पोळ्या लाटत होते. आपली विहीर नव्हती तेव्हा तुमची आई, रखमाआजी, गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. नाही आली तर ऊन चढेपर्यंत ती तिथेच. मग धम्म घेतल्यावर वस्तीने आपली विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी तुमच्या वडिलांनी नदीवरून पाटीत कासव आणून सोडलं. गावातलं कोणी म्हणालं असतं, ह्यांचं पाणी घाण, तर त्याला दाखवायला. तुम्ही पायलला म्हणालात, "कासव जितं हाय म्हंजे पाणी चोख. मग कुनी बोट दाखवू दे." ती तुमच्या मिशा ओढत होती.

मी हे ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिले. मी चेंबूरच्या चाळीतली. माझ्यासाठी पाणी म्हणजे नळ, आणि भांडण म्हणजे नंबरावरून. चवदार तळ्यावर मी शाळेत भाषण केलं होतं. पहिला नंबर आला होता.

आता दवाखान्याचं लिहिते. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, खरंच घरात कुठलं जनावर नाही? सुगत ड्यूटीवर होता. मी नाही म्हटलं. तुम्ही बाकावरून उठून आलात आणि विचारलंत, "डॉक्टरसाहेब, कासव धरायचं का?" तुम्ही विचारलं नसतं तर ड्रम तसाच राहिला असता, आणि बरी होऊन घरी आलेली पायल पुन्हा त्याच पाण्यावर आली असती. डॉक्टर म्हणाले, सापडलं. त्यांनी सांगितलं, ते आधी घरातून काढा, आणि कासवाला हात लावला की साबणाने धुतल्याशिवाय बाळाच्या खाण्यापिण्याला हात लावायचा नाही. बस्स. एवढंच म्हणाले होते. सगळ्यांसाठी म्हणाले होते.

मी बाहेर आले तर तुम्ही व्हरांड्यातल्या माठातून पेला भरत होतात. माझ्यासाठी. मी सकाळपासून काही घेतलं नव्हतं, ते तुमच्या लक्षात होतं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही पाण्याला हात लावू नका."

बाकांवर माणसं होती. त्यांनी वळून पाहिलं. तुम्ही पेला माठावर पालथा ठेवलात आणि हात धोतराला पुसलेत.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुम्ही ऐकायला थांबला नाहीत. ते लिहायला नको होतं.

आणखी एक. डॉक्टरांना मी सांगितलं होतं, सगळं उकळून देते. खोटं नव्हतं. पाणी उकळत होते, वाटी-चमचा उकळत होते. पण चमचा गरम असायचा आणि पायल रडायची. मग मी तो ड्रमातल्या पाण्यात एकदा बुडवून गार करायचे, पदराला पुसायचे आणि तिच्या तोंडात घालायचे. रोज. ड्रमाच्या काठावर तिचा हात धरून कासवाच्या पाठीला लावायचेही मीच. खरखरीत लागलं की ती मूठ मिटायची आणि मूठ तोंडात जायची. तुम्ही तिला कधी ड्रमाजवळ नेलं नाहीत. पडेल म्हणायचात.

हे सुगतला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलं.

नंदिनी


नेरूळ, १८ ऑगस्ट १९९६

ती. दादांना,
जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. सुगतने ते मोठ्याने वाचलं. 'पायल बरी आहे वाचून समाधान वाटले. माझी काळजी करू नये. पाऊसपाणी ठीक. सूनबाईला सांगणे की ज्याची चूक त्याला कळली आहे.' सुगत म्हणाला, कसली चूक? मी म्हटलं, कासव आणल्याची म्हणत असतील. तो म्हणाला, त्यात दादांची काय चूक, त्यांना काय माहीत. आणि कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. रोज केस विंचरताना ती ओळ माझ्यासमोर असते.

मी चार पानं लिहिली आणि तुम्ही चूक स्वतःकडे ठेवून घेतलीत.

कासव तळ्यात सोडलं असं मी लिहिलं होतं. तसं नाही. सुगत त्या दिवशी घाबरला होता, चिडलाही होता. त्याने ते पिशवीत घालून कामावर जाता जाता पुलावरून खाडीत टाकलं. खाडीचं पाणी खारं. गोड्या पाण्यातलं कासव त्यात राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कमळं मी माझ्या मनाने लिहिली.

पायलला वरचे दोन दात आले. मला चावते.

वाढदिवस बावीस सप्टेंबरला, रविवारी आहे. केक वगैरे काही नाही, वंदना घेऊ, खीर करू. तुम्ही आल्याशिवाय करणार नाही, असं लिहिणार होते. पण ते धमकीसारखं वाटतं. तुम्ही यावं असं मला वाटतं.

नंदिनी


नेरूळ, २९ सप्टेंबर १९९६

दादा,

तुम्ही आलात आणि गेलात. पोचल्याचं कार्ड टाका.

मुगाच्या शेंगा विमलबाईंनाही दिल्या. त्या तुमची आठवण काढतात. तुम्ही दोन्ही दिवस चपलांच्या मांडणीशेजारी खुर्ची टाकून बसलात, ते त्यांनीही पाहिलं. "आजोबा, आत बसा की, पाहुण्यासारखं दारात काय?" तुम्ही म्हणालात, हितं वारं लागतंय. पंखा आतल्या खोलीत होता.

पायलला तुम्ही उचललं नाहीत. ती आली तर तिच्याशी बोलत होतात, टाळ्या वाजवत होतात, हात मात्र मांडीखाली. सुगत म्हणाला, दादा थकले. मी हो म्हटलं. दोन दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीत. कोणी पाणी आणून दिलं तर घेत होतात. नाही दिलं तर मागत नव्हतात. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी, मला वाटतं, दुपारभर तुम्हाला कोणीच दिलं नाही.

वाढदिवसाची जेवणं झाली. सुगत पाहुण्यांना सोडायला खाली गेला होता. तुम्ही उठून मोरीपाशी उकिडवे बसलात आणि ओंजळ पुढे केलीत. माझ्या हातात तांब्या होता. हात धुवायचे असतील असं वाटून मी पाणी ओतलं. तुम्ही ओंजळ तोंडाला लावलीत. मनगटांवरून पाणी कोपरांपर्यंत गेलं. ती सवय तुमची नव्हे, तुमच्या आईची. तुम्ही लहानपणी पाहिलेली.

मला तेव्हा कळलं. कळल्यावर थांबायला हवं होतं, तांब्या तुमच्या हातात द्यायला हवा होता. तुम्ही पुन्हा ओंजळ धरलीत आणि मी पुन्हा ओतलं. तांब्या मी उंच धरला होता. मुद्दाम नाही. पण तो उंच होता.

तेवढ्यात पायल रांगत आली. तुमच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिने तोंड तुमच्या ओंजळीत घातलं. तुम्ही हात फाकवलेत. "नको बाई. ह्यातलं नको."

सगळं पाणी खाली गेलं. ती हसायला लागली, तिला तो खेळ वाटला. तुम्ही माझ्याकडे न बघता फडकं मागितलंत. मी दिलं. तुम्ही फरशी पुसलीत, फडकं पिळून दांडीवर टाकलंत, आणि सुगत वर आला तेव्हा त्याला विचारलंत, सकाळची पहिली एस.टी. किती वाजता.

काय लिहू. रागाने केलंत असतं तर मला बरं वाटलं असतं. मला टोमणा म्हणून केलंत असतं तरी चाललं असतं. तुम्ही ते पायलसाठी केलंत.

नंदिनी


नेरूळ, ८ नोव्हेंबर १९९६

दादा,

हे पत्र सुगत हातात देईल. आधी वाचा, मग त्याच्याशी बोला.

त्याला मी सांगितलं. माठाचं, चमच्याचं, मोरीपाशी झालं ते, सगळं. शेवटी म्हणाला, "तू? दादांना?" मग गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला वाटलं होतं ओरडेल. पूर्वी जेवताना हात पुढे करून पाणी मागायचा. आता स्वतः उठून घेतो. माझ्याशी नीट बोलतो, बाजारहाट करतो, पण पाणी मागत नाही.

तो तुम्हाला म्हणेल, नंदिनीच्या तोंडून चुकून गेलं. तो माझी बाजू घेऊन सांगेल. तुम्हीही म्हणाल, जाऊ दे. तसं म्हणू नका. चुकून गेलेलं नव्हतं. मी घाबरले होते, आणि घाबरल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही, तेच सुचलं. कोणी मला ते शिकवलं नव्हतं. आमच्या घरात कोणी कोणाला तसं बोललेलं मी ऐकलं नाही. तरी ते माझ्याजवळ होतं.

तुम्ही नेरूळला या, असं आता लिहीत नाही. तुम्ही याल, आणि चपलांपाशी बसाल.

पायलला पाठवते आहे. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस ती तुमच्याकडे राहील. सुगत पोचवून दोन दिवसांनी परत निघेल, त्याला रजा नाही. मला सुट्टी आहे. मी येत नाही. मी आले तर तिचं सगळं मीच करीन, आणि तुम्ही लांब बसून बघाल. चांगुणाबाई शेजारी आहेतच, अंघोळ त्या घालतील. अंगावरचं दूध सुटलं आहे, रात्रीची उठत नाही.

पाण्याचं तुम्ही बघा. विहिरीचं चालेल. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले कुठलंही चालेल, खळखळ उकळलं पाहिजे आणि उकळल्यावर झाकून ठेवलं पाहिजे. चांगुणाबाईंवर सोडू नका, त्या कोमट झालं की उतरवतात. वाटी-चमचाही त्याच पाण्यात. गरम असेल तर हवेवर गार होऊ द्या, ती रडली तरी. कोंबड्यांना ती हात लावणार, तुम्ही किती अडवाल. लावला की साबणाने धुवा, आणि तुमचेही. अंडं दिलंत तर पुरतं उकडून, बलक घट्ट होईपर्यंत. बाकी काही नाही. माणसाने हात धुतले की ते स्वच्छ असतात, असं डॉक्टर रिपोर्ट आला त्या दिवशीही म्हणाले होते.

तिच्या पिशवीत पेला दिलेला नाही. तुमच्या पेल्याने द्या.

ती अजून बोलत नाही. पाण्याला 'पा' म्हणते आणि भांड्याकडे बोट करते. म्हणाली की लगेच द्या. तिला थांबायची सवय नाही.

नंदिनी